देवमाशांच्या शिकारीच्या बातमीत जपानची बाजू शेवटच्या परिच्छेदातच का असते?

रात्रपाळी:

नमस्कार मंडळी. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे. डेस्कवर अकरा वर्षं झाली, त्यातली बरीचशी रात्रपाळीतच गेली. देशविदेशचं पान माझ्याकडे असतं. इथे परदेशी राहणारे आणि समुद्राशी संबंध असलेले बरेच जण आहेत, म्हणून एक विचारायचं आहे.

१७ डिसेंबर २०२४ च्या रात्री देवमाशांच्या शिकारीविरुद्ध समुद्रात लढणाऱ्या 'सी शेपर्ड' संघटनेचा संस्थापक पॉल वॉटसन ग्रीनलंडमधल्या नूकच्या तुरुंगातून सुटल्याची बातमी एजन्सीवर आली. जपानला त्याचा ताबा हवा होता, डेन्मार्कच्या न्याय मंत्रालयाने तो नाकारला होता. पानाच्या तळाला दोन कॉलम रिकामे होते आणि डाक आवृत्तीचं पान सोडायला वीस मिनिटं. कॉपी सहाशेएक शब्दांची. मी वरून भाषांतर करत आले आणि जागा संपली तिथे थांबले. शीर्षक दिलं, 'देवमाशांचा रक्षक पाच महिन्यांनी मुक्त'.

दुसऱ्या दिवशी सांगलीकडच्या एका निवृत्त शिक्षिकांचा फोन आला. मुलगा नागोयात असतो, सून तिथलीच. आवाज अजिबात चढलेला नव्हता. म्हणाल्या, "अगं, त्या माणसाला पकडलं होतं कशासाठी? तुमची बातमी मी दोनदा वाचली, मला कुठे सापडलं नाही."

मी एजन्सीची कॉपी पुन्हा उघडली. आरोप शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होता. फेब्रुवारी २०१० मध्ये दक्षिण महासागरात 'शोनान मारू २' या जपानी जहाजावर ब्युटिरिक ॲसिडच्या बाटल्या फेकल्या गेल्या, त्यात एक खलाशी जखमी झाला आणि हे वॉटसनच्या सांगण्यावरून झालं, असं जपानचं म्हणणं. त्याखाली वॉटसनचा इन्कार. दोन्ही मी कापलं होतं. पाच महिने तुरुंगात बसलेल्या माणसाची बातमी मी त्याच्यावरच्या आरोपाशिवाय छापली होती.

मग आमच्याच अंकांचं जुनं संग्रहण काढून बसले. देवमाशांच्या शिकारीवरच्या बातम्या एकामागून एक वाचल्या. बहुतेक सगळ्या जपानच्या. बातमी सुरू होते ती लंडन किंवा सिडनीहून, पहिलं वाक्य पर्यावरणवादी संघटनेचं, दुसरं ऑस्ट्रेलियाच्या मंत्र्याचं, जपानचं म्हणणं सर्वांत खाली. जागा कमी पडली की आम्ही खालून कापतो, सगळीच वर्तमानपत्रं खालून कापतात. म्हणजे जपानची बाजू उडवायचं कुणीही ठरवलेलं नसतं आणि तरी ती दर वेळी उडते.

एक उदाहरण सांगते. २६ डिसेंबर २०१८ ला जपानने आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगातून बाहेर पडण्याची घोषणा केली. आमचं शीर्षक होतं, 'जपान पुन्हा व्यापारी शिकार करणार'. त्यात खोटं काही नाही. पण त्याच घोषणेत जपानने अंटार्क्टिकातली शिकार थांबवणार आणि फक्त आपल्या सागरी हद्दीत शिकार करणार असंही सांगितलं होतं. ज्या समुद्रावरून तीस वर्षं भांडण चाललं होतं, तिथून जपानी जहाजं परत जाणार होती! ती ओळ आमच्या अंकात नाहीच.

क्रियापदांचंही तसंच. जपानच्या बातमीत मी 'कत्तल' लिहिलंय, नॉर्वेच्या एका छोट्या बातमीत 'शिकार', आणि अलास्कातल्या इनुपियाट लोकांच्या फोटोखाली 'देवमासा पकडतात'. इंग्रजी कॉपीत जे होतं ते मराठीत उतरलं. मरणाऱ्या जनावराच्या दृष्टीने या तिन्हींत काय फरक आहे?

माझं मत लपवत नाही. ही शिकार थांबावी असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच टोचतंय, कारण माझ्या मनासारखी बाजू वर होती म्हणून मला खालची ओळ कापताना काही वाटलं नाही.

तुम्ही राहता तिथल्या बातम्यांत हे कसं येतं? आणि मला दोनशेच शब्द मिळणार असतील तर काय ठेवायलाच हवं?

---

योकोहामाकर:

ताई, सतरा वर्षं जपानात आहे. तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा बरं वाटलं, कारण इथल्या मित्रांची हीच तक्रार असते. पण इथली वर्तमानपत्रंही वाचतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. इथे हाच प्रकार उलट्या दिशेने चालतो. सरकारी खात्याचं निवेदन वर, विरोधकांचं म्हणणं खाली. मंत्रालयांना जोडलेले पत्रकार क्लब आहेत, खात्याची माहिती तिथे मिळते आणि त्याच शब्दांत छापली जाते.

सगळ्यात मोठा शब्द म्हणजे 'चोसा होगेइ', म्हणजे संशोधनासाठी देवमासे पकडणं. १९८२ मध्ये आयोगाने व्यापारी शिकारीवर स्थगिती आणली, ती १९८६ पासून लागू झाली. देवमाशांच्या शिकारीवरच्या १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या आठव्या कलमाने संशोधनासाठी परवाने देण्याची मुभा होती, जपानने पुढची तीस वर्षं त्या कलमाखाली काढली. इंग्रजी वर्तमानपत्रं 'शास्त्रीय' हा शब्द अवतरणचिन्हांत घालायची, जपानी वर्तमानपत्रं चिन्हांशिवाय छापायची. चिन्हं घालून इंग्रजी वाचकाला आधीच सांगितलं जायचं की हे ढोंग आहे. चिन्हं काढून जपानी वाचकाला आधीच सांगितलं जायचं की यात विचारण्यासारखं काही नाही.

मला सर्वांत जास्त राग आला तो २००८ च्या प्रकरणाचा. ग्रीनपीस जपानचे जुनिची सातो आणि तोरू सुझुकी या दोघांनी आओमोरीतल्या मालवाहतूक डेपोतून देवमाशाच्या मांसाची २३.५ किलोची पेटी उचलली. जहाजावरचे कर्मचारी सरकारी खर्चाच्या मोहिमेतलं मांस घरी पाठवतात, याचा पुरावा म्हणून ती त्यांनी सरकारी वकिलांकडे दिली. अटक कोणाला झाली? या दोघांना, चोरीसाठी. टीव्हीवर पोलीस ग्रीनपीसच्या ऑफिसातून खोकी बाहेर नेताना दिसले. मांस घरी का जात होतं हा प्रश्न बातम्यांतून मागे पडला. सप्टेंबर २०१० मध्ये दोघांना एक वर्षाची, स्थगित शिक्षा झाली. आणि त्याच वर्षी डिसेंबरात मत्स्य खात्याने कबूल केलं की आपल्या काही अधिकाऱ्यांनी असं मांस भेट म्हणून घेतलं होतं. माफीही मागितली. माझ्या ऑफिसात दहा जणांना विचारलं तर आठ जणांना ग्रीनपीसची चोरी आठवत होती, माफी एकालाच.

२०११ च्या त्सुनामीनंतर पुनर्वसनाच्या निधीतले २२८ कोटी येन या शिकारीच्या कार्यक्रमाकडे वळवले. कारण दिलं की इशिनोमाकीचा आयुकावा भाग देवमाशांवर जगतो आणि तो उद्ध्वस्त झालाय. आयुकावा खरंच उद्ध्वस्त झालं होतं. पण त्या पैशातला काही भाग अंटार्क्टिकात सी शेपर्डपासून जहाजांचं संरक्षण करण्यावर गेला. तात्पुरत्या घरात राहणाऱ्या माणसांचे पैसे! त्यावर इथे टीका झाली, नाही असं नाही, पण जेवढी व्हायला हवी होती तेवढी नाही.

आता लोकांचं सांगतो. शेजारच्या आजी ८२ वर्षांच्या आहेत. १९४६ मध्ये, युद्धानंतर जपानचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकी सेनापती मॅकआर्थरने जपानी जहाजांना अंटार्क्टिकात जायची परवानगी दिली, कारण लोकांना खायला नव्हतं. आजींच्या शाळेच्या जेवणात 'कुजिरा नो तात्सुता-आगे' असायचं, सोया सॉस आणि आल्यात मुरवून पिठात घोळून तळलेले देवमाशाचे तुकडे. १९६२ च्या सुमाराला देशात वर्षाला सव्वादोन लाख टनांच्या वर मांस खपत होतं, आता दोन-तीन हजार टन. आजींना ते आता आवडतही नाही, चिवट असायचं म्हणतात. पण टीव्हीवर परदेशी माणूस जपानी लोकांना रानटी म्हणाला की त्या टीव्ही बंद करतात. मी त्यांना विचारलं, शिकार बंद झाली तर वाईट वाटेल का? म्हणाल्या, "बंद झाली तर होऊ दे. कुणी ओरडून बंद करायला लावू नये."

माझं मत असं झालंय की बाहेरच्या बातम्यांनी जपान्यांना इतकं दुखावलं की जे मांस त्यांनी खायचं सोडलं होतं, त्याच्या बाजूने ते उभे राहिले. २०२४ च्या मे महिन्यात शिमोनोसेकीहून 'कांगेइ मारू' हे शिकारीच्या ताफ्याचं नवं कोरं मुख्य जहाज निघालं. मांस कोण घेणार हा प्रश्न इथल्या बातम्यांत फारसा नव्हताच, आपल्याच गोदीत बांधल्याचं कौतुक होतं.

---

पर्थची_वहिनी:

योकोहामाकर, तुम्ही लिहिलेलं पटलं. पण 'दोन्हीकडे सारखंच' असा सूर निघाला तर मला मान्य नाही. मी पश्चिम ऑस्ट्रेलियात नर्स आहे, नऊ वर्षं झाली.

इथून चारेकशे किलोमीटरवर ऑल्बनी आहे. चेन्स बीचची व्हेलिंग स्टेशन तिथे. इथली शेवटची, नोव्हेंबर १९७८ मध्ये बंद पडली. आता संग्रहालय आहे. मुलांना घेऊन गेले होते. तेलाच्या टाक्या आहेत, शिकारीची बोट तशीच ठेवलीय, आणि उतारावर जिथे देवमासे ओढून आणायचे तिथे उभं राहता येतं. तिथला मार्गदर्शक म्हातारा होता, त्याचे वडील तिथेच कामाला. तो म्हणाला, "आम्ही हे केलं आणि मग थांबवलं. म्हणून आम्हाला बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं." मला ते खरं वाटलं. इथल्या बातम्यांत ऑल्बनीचा उल्लेख कधी येत नाही, ही मात्र चूक आहे. आला तर वाचकाला कळेल की हे भांडण चांगल्या देशाचं आणि वाईट देशाचं नाही. विसाव्या शतकात जगात साधारण २९ लाख देवमासे मारले गेले, आणि त्यात ब्रिटन, नॉर्वे, सोव्हिएत रशिया, जपान सगळे होते. सोव्हिएत जहाजांनी तर लाखावर देवमासे मारून आकडे लपवले.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. फोटोंबद्दल कुणी लिहिलं नाही. अंटार्क्टिकाच्या समुद्रात पत्रकार नसतो. जो फोटो येतो तो भांडणाऱ्या दोघांपैकी एकाने काढलेला असतो. फेब्रुवारी २००८ मध्ये आमच्या सरकारच्या 'ओशनिक व्हायकिंग' जहाजाने काढलेले फोटो आले, एक मोठा आणि एक छोटा देवमासा जपानी जहाजाच्या उतारावर ओढला जातोय. सगळीकडे शीर्षक एकच, आई आणि पिल्लू. जपानच्या संशोधन संस्थेने सांगितलं की ती माय-लेकरं नव्हेत. ते म्हणणं त्या फोटोशेजारी कितीशा लोकांनी वाचलं असेल? पुढे २०१० च्या जानेवारीत 'एडी गिल' ही सी शेपर्डची बोट जपानी जहाजाशी धडकून फुटली. दोन्ही बाजूंनी आपापला व्हिडिओ दिला, दोन्हींत दुसरा चालून आलेला दिसतो. न्यूझीलंडच्या सागरी यंत्रणेने चौकशी करून दोन्ही कप्तानांना जबाबदार धरलं. तोवर अर्ध्या जगाने ठरवून टाकलं होतं. त्यातून ॲनिमल प्लॅनेटच्या मालिकेचे कॅमेरे वर्षानुवर्षं एकाच बाजूच्या बोटींवर होते.

आणखी एक. मे २०१८ मध्ये इथे सगळीकडे होतं, '१२२ गाभण देवमासे मारले'. आकडा खरा. जपानने स्वतःच आयोगाच्या शास्त्रीय समितीला दिलेल्या अहवालातला. त्या मोसमात मिंके या छोट्या जातीचे एकूण ३३३ देवमासे मारले, आणि मारलेल्या प्रौढ माद्यांपैकी जवळपास सगळ्याच गाभण होत्या. जपान म्हणतो याचा अर्थ मिंकेंची संख्या नीट वाढतेय. मी प्रसूती विभागात काम करते, मला तो आकडा वाचून रात्री झोप आली नाही. दोन्ही गोष्टी त्याच आकड्यात आहेत. बातमीत पहिली लिहायची की दुसरी, हे मला कुणी विचारलं तर मी दोन्ही लिहीन.

पण न्यायालयाचा निकाल 'दुसरी बाजू' म्हणून खाली ढकलू नका. ३१ मार्च २०१४ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की जपानचा अंटार्क्टिकातला 'जार्पा २' कार्यक्रम शास्त्रीय संशोधनासाठी आहे असं म्हणता येत नाही. साधारण ३६०० मिंके मारून हाती आलेलं संशोधन अगदी थोडं, हे न्यायालयाने नोंदवलं. बहुमतात आपले भारतीय न्यायाधीश दलवीर भंडारी होते, त्यांनी स्वतंत्र मतही जोडलंय. ही ऑस्ट्रेलियाची बाजू नाही, निकाल आहे. त्याला जपानच्या प्रवक्त्याच्या वाक्याशी समान तोलायला गेलात तर तोही पक्षपातच होईल.

---

रात्रपाळी:

वहिनी, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आमच्या २०१४ च्या अंकात मी आत्ता पाहिलं, शीर्षक आहे, 'जपानच्या व्हेल शिकारीवर आंतरराष्ट्रीय न्यायालयाची बंदी'. तसं तर झालं नव्हतं ना?

---

पर्थची_वहिनी:

नाही. एका कार्यक्रमाचे परवाने रद्द करायला सांगितलं. शिकारीवर सरसकट बंदी नाही, संशोधनासाठी मारण्यावरही सरसकट बंदी नाही. म्हणून २०१५ च्या डिसेंबरात जपान नवा कार्यक्रम घेऊन वर्षाला ३३३ मिंकेंसाठी परत गेला, आणि मग शीर्षकं आली, 'जपानने न्यायालय धुडकावलं'. आधीचं शीर्षक चुकलं म्हणून दुसरं तसं लिहावं लागलं. मला तेही जाणं आवडलं नाही, निकालाचा आत्मा मारला असंच वाटलं. पण 'धुडकावलं' हा शब्द बरोबर नव्हता.

---

बर्गनहून:

थोडक्यात लिहितो. नॉर्वेने १९८२ च्या स्थगितीवर आक्षेप नोंदवला, त्यामुळे ती नॉर्वेला लागूच होत नाही. १९९३ पासून इथे उघड व्यापारी शिकार चालू आहे. २०१९ मध्ये मिंकेंचा कोटा १२७८ होता. प्रत्यक्षात मारतात त्याहून बरेच कमी, पण २०२१ आणि २०२२ मध्ये पाचशेच्या वर होते आणि जपानपेक्षा जास्त होते. तुमच्या पेपरात त्या दोन वर्षांत नॉर्वेची बातमी किती वेळा आली?

इथल्या मासळीबाजारात पर्यटक मिंकेचं मांस चाखून फोटो काढतात. तेच लोक जपानच्या विरोधातल्या पत्रकावर सही करतील, माझ्यासमोर केलीय एकाने. नॉर्वे गोरा, श्रीमंत, शांततेचं पारितोषिक देणारा देश, म्हणून वार्ताहर इकडे फिरकत नाही, असं मला स्पष्ट वाटतं.

दुसरं, 'देवमासा' असा एक प्राणी नाही. आर्ने काल्लांद या नॉर्वेजियन मानववंशशास्त्रज्ञाने 'सुपर व्हेल' म्हणून मांडलंय: सर्वांत मोठा ब्लू, सर्वांत मोठ्या मेंदूचा स्पर्म, गाणारा हम्पबॅक, माणसाजवळ येणारा ग्रे, या सगळ्यांचे गुण एका काल्पनिक प्राण्याला लावायचे आणि वर तो नामशेष होतोय म्हणायचं. उत्तरेकडचा मिंके धोक्याच्या यादीत नाही. सेइ मात्र धोक्यात आहे आणि जपान तो मारतो. २०२४ पासून फिनही मारतो, ५९ चा कोटा धरून. जात लिहा. दोनशे शब्दांत एवढी एकच गोष्ट बसत असेल तर जात लिहा.

---

जयगड_खाडी:

ताई, मी रत्नागिरीकडचा. बाप-आजा मासेमारीत, मी बोटीचं इंजिन दुरुस्त करतो. जपान-नॉर्वेचं मला काही सांगता यायचं नाही, आपल्याकडचं सांगतो, कारण वर सगळे दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रांबद्दल बोलतायत.

देवमासा आपल्या पेपरात कधी येतो? 'व्हेलच्या उलटीची तस्करी, दोन कोटींचा माल जप्त'. दर दोन-चार महिन्यांनी. किंमत पोलिसांनी सांगितलेली, तशीच मोठ्या टाइपात. ती वाचून आमच्याकडची पोरं किनाऱ्यावर मेणासारखा काही गोळा दिसला की उचलून घरी नेतात. एकाने पावसाळ्यात असंच काहीतरी सापडलं म्हणून दहा जणांना फोटो पाठवला, पोलीस घरी आले, आई आठ दिवस जेवली नाही. तपासलं तर पाम तेलाचा गोळा. वन्यजीव कायद्याने अंबरग्रीस, म्हणजे ही उलटी, बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, हे बातमीत शेवटच्या ओळीत असतं. म्हणजे तुम्ही म्हणता तेच. शेवटची ओळ कापली की उरतात कोटी. आणि ती खरी उलटीही नव्हे, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू किनाऱ्याला लागलं तेव्हा मी तिथे होतो. पाण्यात ढकलायचं, ते परत यायचं. गावातली पोरं, वनखात्याची माणसं, सगळी दोन दिवस झटली. ओल्या चादरी अंगावर टाकायच्या, पाणी ओतत राहायचं. त्याचा श्वास ऐकलाय मी. दमेकऱ्यासारखा, पण इतका मोठा की वाळू हलायची. शेवटी बोटीने आत नेऊन सोडलं, आणि पुढे ते मेलेलं सापडलं. टीव्हीवर 'जीवदान' दोन दिवस चाललं. मेलं ते किती जणांना कळलं?

आणि मच्छीमाराचं नाव कधी येतं? 'जाळ्यात अडकून डॉल्फिन मेला' तेव्हा. महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून योजना आहे, जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला की मच्छीमाराला पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. कासवं, व्हेल शार्क, डॉल्फिन कितीतरी सुटलेत. जाळं कापताना हात थरथरतात हो, जाळं कर्जाचं असतं. त्याची बातमी जिल्हा पानावर कोपऱ्यात.

माझं म्हणणं एवढंच, त्या जपानी आजींना कुणी विचारलं नाही तसं आम्हालाही कुणी विचारत नाही. समुद्रावरच्या बातमीत समुद्रावरचा माणूस कुठे असतो?

---

योकोहामाकर:

खाडीवाले दादा, तुमच्या प्रश्नावरून तायजी आठवलं. वाकायामामधलं गाव, डॉल्फिनच्या शिकारीमुळे बदनाम. ऑस्करवाल्या डॉक्युमेंटरीनंतर तिथे दर मोसमात कॅमेरे घेऊन माणसं येतात, गावातल्या बायकांचे चेहरे इंटरनेटवर टाकतात. मी एकदा गेलो होतो. १८७८ च्या डिसेंबरात देवमाशामागे गेलेले शंभरावर पुरुष वादळात परत आले नाहीत, त्यांची आठवण गाव अजून पाळतं. ते ऐकूनही तिथल्या खाडीत डॉल्फिन ज्या रीतीने मारतात त्याचं मला समर्थन करता आलं नाही, आजही येत नाही. पण गावात गेलेल्या एकाही वार्ताहराने ती आठवण लिहिलेली मी वाचलेली नाही.

---

रात्रपाळी:

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमची उत्तराची चिठ्ठी मी आमच्या जिल्हा आवृत्तीच्या सहकाऱ्याला वाचून दाखवली. अंबरग्रीसची किंमत शीर्षकात घ्यायची नाही आणि 'बाळगणं गुन्हा' हे पहिल्या परिच्छेदात, एवढं त्याने कबूल केलंय. वरिष्ठांशी अजून बोलायचं आहे.

माझ्यापुरतं एक केलं. या विषयाची बातमी आली की जोडायची चौकट लिहून संगणकात ठेवली आहे, म्हणजे रात्री वीस मिनिटांत शोधाशोध नको. आणि बातमीची जागा कमी असेल तर चौकट नाही, बातमी कापायची असं पानावर बसणाऱ्या मुलालाही सांगितलं. चौकट अशी:

"आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकार स्थगित केली, १९८६ पासून ती लागू आहे. नॉर्वे आक्षेप नोंदवून आणि आइसलँड अट घालून स्थगितीबाहेर आहेत. जपान १९८७ पासून संशोधनाच्या परवान्यांवर अंटार्क्टिकात शिकार करत होता. तो कार्यक्रम संशोधनासाठी नाही असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. ३० जून २०१९ ला जपान आयोगातून बाहेर पडला, अंटार्क्टिकातली शिकार थांबवली आणि स्वतःच्या हद्दीत व्यापारी शिकार सुरू केली. जपान मिंके, ब्राइड्स, सेइ आणि २०२४ पासून फिन या जाती मारतो, नॉर्वे मिंके. यांपैकी सेइ धोक्यात आहे, फिन असुरक्षित गटात. भारत १९८१ पासून आयोगाचा सदस्य असून शिकारीच्या विरोधात आहे."

क्रियापद सगळीकडे एकच ठेवणार आहे, 'मारणे'. जपान मारतो, नॉर्वे मारतो, अलास्कातले इनुपियाट मारतात. सांगलीच्या बाईंना फोन करून चौकट वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, सुनेला पाठवते, ती काय म्हणते बघू.

काही चुकलं असेल तर सांगा, आत्ताच दुरुस्त करते.

---

पर्थची_वहिनी:

एक आहे. "तो कार्यक्रम" लिहिलंय तिथे वाचकाला १९८७ पासूनचा सगळाच वाटेल. निकाल २००५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यापुरता होता. जपानी सून वाचणार आहे, ती हेच पकडेल.

---

रात्रपाळी:

बरोबर. "२००५ मध्ये सुरू झालेला त्याचा दुसरा टप्पा संशोधनासाठी नाही" असं केलं. पाच शब्द वाढले, ते भारताच्या ओळीतून काढले.